हायड्रॉलिक पोर्टचा प्लग गळू नये म्हणून: ओ-रिंगचं माप आणि घडण कशी निवडायची

मॅनिफोल्ड ब्लॉक असो, पंप असो की सिलिंडर, त्यावर दोन-चार पोर्ट (तेलाच्या ये-जासाठीची आट्यांची छिद्रं) असे असतातच की जे वापरायचे नसतात. ते प्लगने बंद करायचे. शेडमध्ये हे काम बहुधा सगळ्यात नव्या माणसाच्या वाट्याला येतं, कारण ते किरकोळ समजलं जातं. भोसरी-चाकणच्या पॉवर पॅकपासून ऊसतोडणी यंत्रापर्यंत कुठेही पाहा, गळतीची तक्रार आली की व्हॉल्व्ह आणि पाइप तपासले जातात आणि प्लगकडे सर्वांत शेवटी लक्ष जातं.

नव्या माणसाला सहसा एवढंच सांगितलं जातं: "ओ-रिंग टाक आणि घट्ट कर." ओ-रिंग म्हणजे गोल छेदाची रबरी कडी. या सूचनेत दोन चुका आहेत. प्लगवर चढेल ती ओ-रिंग योग्य मापाची असते असं नाही. आणि तेल अडवण्याचं काम घट्टपणा करत नाही, ते रबर करतं. पोर्टच्या तोंडाशी रबरासाठी ठरावीक जागा ठेवलेली असते. त्या जागेत किती रबर बसतं आणि किती चेपलं जातं, यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून या लेखात आतल्या व्यासापेक्षा ओ-रिंगच्या जाडीबद्दल जास्त लिहिलं आहे.

१. कामाला बसण्याआधी जवळ काय हवं

कागद: ब्लॉकचं ड्रॉइंग, प्लग बनवणाऱ्याच्या कॅटलॉगमधलं त्या प्लगचं पान (ओ-रिंगचं माप आणि टॉर्क, म्हणजे प्लग आवळण्याचा जोर, तिथेच असतो) आणि यंत्रात भरलेल्या तेलाची माहितीपत्रिका.

हत्यारं: डिजिटल व्हर्नियर, ६० अंशांचा मेट्रिक पिच गेज आणि ५५ अंशांचा बीएसपीचा, म्हणजे ब्रिटिश पाइप आट्यांचा, पिच गेज (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर; दोन्ही गेज लागतात, एकावर भागत नाही), टॉर्क पाना, न झिजलेली ॲलन की, बॅटरी, भिंग, धागे न सोडणारं फडकं, थोडं यंत्रातलंच तेल आणि पितळी किंवा प्लॅस्टिकची ओ-रिंग काढणी. स्टीलच्या टोकदार सुईने रिंग काढू नका. रिंग तर जातेच, शिवाय सील बसण्याच्या जागी ओरखडा पडतो, आणि तो रिंग बदलून जात नाही.

२. पोर्ट कोणत्या जातीचा आहे ते ठरवा

गोंधळाची सुरुवात इथेच होते. प्लग तेल कुठे अडवतो, यावरून मुख्य जाती अशा:

पहिली, उतार असलेल्या तोंडाचे सरळ आट्यांचे पोर्ट. मेट्रिक आट्यांचे ते आयएसओ ६१४९, इंची यूएनएफ आट्यांचे ते एसएई जे१९२६ किंवा आयएसओ ११९२६ (ही मानकांची नावं). पोर्टच्या तोंडाशी शंकूसारखा उतार कापलेला असतो. ओ-रिंग प्लगच्या डोक्याखालच्या मानेवर बसते. प्लग पूर्ण बसला की रिंग तीन भिंतींमध्ये कोंडली जाते: पोर्टचा उतार, प्लगची मान आणि कॉलरची (डोक्याच्या रुंद कडेची) खालची बाजू. कॉलर ब्लॉकच्या पृष्ठभागावर धातूला धातू टेकते, त्यामुळे रबराला बाहेर निसटायला फट राहत नाही. ही घडण माझ्या मते सगळ्यात भरवशाची आहे. नव्या हायड्रॉलिक रचनेत आयएसओ ६१४९ वापरावं अशी शिफारस इतर पोर्टांच्या आयएसओ मानकांमध्येच केलेली आहे.

दुसरी, सपाट तोंडाचे पोर्ट: बीएसपी आट्यांचे आयएसओ ११७९ आणि मेट्रिक आट्यांचे आयएसओ ९९७४. इथे प्लगच्या कॉलरखाली खोबण असते आणि तिच्यात गोल नव्हे तर चौकोनी छेदाची सीलिंग रिंग बसते. बाजारात तिला ईडी सील म्हणतात. याच पोर्टांवर तांब्याचा वॉशर किंवा डाउटी वॉशरही (आतल्या कडेला रबर असलेला धातूचा वॉशर) चालतो.

तिसरी, निमुळत्या आट्यांचे प्लग, म्हणजे एनपीटी आणि बीएसपीटी. यांत ओ-रिंग नसतेच, आटेच एकमेकांत रुतून तेल अडवतात. टेफ्लॉन टेपची जागा इथे आणि फक्त इथे. ओ-रिंगच्या सरळ आट्यांवर टेप गुंडाळली तर सीलिंगला काडीचा फायदा होत नाही. उलट तिचे तुकडे सुटून तेलात जातात आणि व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये (आतल्या सरकत्या दांड्यात) अडकतात.

एक सापळा नीट लक्षात घ्या. आयएसओ ६१४९ आणि आयएसओ ९९७४ या दोन्हींचे आटे सारखेच, उदाहरणार्थ एम १८ × १.५ (१८ मिमी व्यास, १.५ मिमी पिच). त्यामुळे एकाचा प्लग दुसऱ्या पोर्टमध्ये बोटांनी सहज फिरतो. पण ईडी सीलचा प्लग उताराच्या पोर्टात लावला तर सीलला टेकायला सपाट जागा नेमकी हवी तिथे सापडत नाही. उलट उताराचा प्लग सपाट पोर्टात लावला तर ओ-रिंगला आत शिरायला जागाच नसते, ती कॉलरखाली चिरडून बाहेर येते. दोन्ही वेळा आटे बरोबर आणि सील चूक. म्हणून प्लग लावण्याआधी बॅटरीने पोर्टच्या तोंडात बघा, उतार आहे की सपाट काठ आहे. आयएसओ ६१४९ च्या काही पोर्टांभोवती ओळखीसाठी उंचवट्याची गोल कड ठेवलेली असते. ती दिसली तर प्रश्न मिटला, पण ती ऐच्छिक असल्यामुळे नसली म्हणून पोर्ट दुसरा असं धरू नका.

३. आटे मोजा, नाव ऐकून ठरवू नका

दुकानात "अर्धा इंची प्लग" मागितला की मिळतो तो बीएसपी, आणि त्याचा बाहेरचा व्यास व्हर्नियरवर भरतो २०.९६ मिमी. "चार सुती" म्हटलं तरी तेच. एसएईच्या प्लगला डॅश नंबर असतो, तो ज्या नळीसाठी पोर्ट आहे तिचा बाहेरचा व्यास इंचाच्या सोळाव्या भागांत सांगतो. डॅश ४ म्हणजे पाव इंची नळी, पण आटे ७/१६-२०, म्हणजे सुमारे ११.१ मिमी. "पाव इंची" बीएसपीचे आटे १३.१६ मिमी. नाव एक, वस्तू दोन.

सगळ्यात फसवी कुटुंबं तीन:

२२ मिमीच्या आसपास: एम २२ × १.५ आणि ७/८-१४ (२२.२ मिमी, पिच १.८१).
२७ मिमीच्या आसपास: एम २७ × २, १ १/१६-१२ (२७.० मिमी, पिच २.१२) आणि पाऊण इंची बीएसपी (२६.४ मिमी, पिच १.८१).
३३ मिमीच्या आसपास: एम ३३ × २, १ ५/१६-१२ (३३.३ मिमी, पिच २.१२) आणि एक इंची बीएसपी (३३.२५ मिमी, पिच २.३१).

या तिन्ही कुटुंबांत नुसत्या व्यासावरून निर्णय करणं धोक्याचं आहे. पिच गेज लावा, उजेडासमोर धरा आणि पूर्ण लांबीवर फट दिसते का ते पाहा. दोन-तीन आट्यांवर तर चुकीचा गेजही बसल्यासारखा वाटतो. चुकीचा प्लग दोन-तीन फेरे फिरून जड होतो आणि तिथे पाना लावला की ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचे आटे गेलेच. बोटांनी कॉलर टेकेपर्यंत प्लग गेला पाहिजे. ओ-रिंगमुळे शेवटचा थोडा भाग जड जाईल, पण त्याआधी अडला तर थांबा.

४. ओ-रिंगची जाडी: खरा प्रश्न इथे आहे

ओ-रिंगचं माप दोन आकड्यांत सांगतात: आतला व्यास आणि छेदाची जाडी. आयएसओ ६१४९ च्या एम १८ पोर्टची रिंग १५.३ × २.२, एम १४ ची ११.३ × २.२, एम २२ ची १९.३ × २.२, एम २७ ची २३.६ × २.९. एसएई पोर्टांसाठी ९०० ची स्वतंत्र मालिका आहे: डॅश ६ ला ९०६ (११.८९ × १.९८), डॅश ८ ला ९०८ (१६.३६ × २.२१), डॅश १० ला ९१० (१९.१८ × २.४६), डॅश १२ ला ९१२ (२३.४७ × २.९५).

आता एम २२ आणि डॅश १० शेजारी ठेवा. आतले व्यास १९.३ आणि १९.१८, म्हणजे हातात घेऊन फरक कळणार नाही. जाड्या २.२ आणि २.४६. फरक पाव मिलिमीटरचा, पण रबराचं प्रमाण जाडीच्या वर्गाने वाढतं. २.२ च्या छेदाचं क्षेत्रफळ ३.८० चौरस मिमी, २.४६ चं ४.७५. म्हणजे ९१० ची रिंग एम २२ च्या प्लगवर चढवली तर रबर २५ टक्के जास्त. उलट केलं तर २० टक्के कमी.

हे महत्त्वाचं का? रबर चेपलं तरी त्याचं घनफळ घटत नाही, ते फक्त आकार बदलतं. म्हणून खाच (रिंगेसाठी ठेवलेली जागा) रबराने पूर्ण भरायची नसते. साधारण ७५ ते ८५ टक्के भरावी असा संकेत आहे. उरलेली जागा तेलात रबर थोडं फुगतं आणि तापल्यावर पसरतं त्यासाठी. ८५ टक्के भरण्याच्या जागेत २५ टक्के जास्त रबर घातलं तर ते मावणारच नाही. मग कॉलर ब्लॉकला टेकत नाही किंवा टेकताना रबराचा काठ कापला जातो. प्लग "घट्ट" लागतो, पण तो रबरावर बसलेला असतो, धातूवर नाही. काही दिवसांनी रबर सैल पडलं की प्लगही सैल.

कमी जाडीच्या रिंगेचं दुखणं वेगळं. स्थिर सीलमध्ये रिंग तिच्या जाडीच्या साधारण १५ ते ३० टक्के चेपली गेली पाहिजे. १.७८ जाडीच्या रिंगेत २० टक्के म्हणजे जेमतेम ०.३६ मिमी, ३.५३ च्या रिंगेत ०.७१ मिमी. मशिनिंगच्या फरकात ०.१ मिमी इकडेतिकडे झाला तर जाड रिंग निभावून नेते, पातळ रिंगेची चेप एक चतुर्थांशाहून जास्त कमी होते. लहान प्लगांची गळती जास्त त्रास देते, त्याचं एक कारण हेच.

आणखी एक घोळ मानकांचा. एएस५६८ या अमेरिकन मालिकेच्या जाड्या १.७८, २.६२, ३.५३, ५.३३ आणि ६.९९. जपानी पी मालिकेत १.९, २.४, ३.५ वगैरे. एम १८ च्या प्लगला १५.३ × २.२ हवी असताना पी १५ (१४.८ × २.४) सापडते आणि "चालतंय" म्हणून लावली जाते. हिशेब करा: १९ टक्के जास्त रबर. एएस५६८ ची ११४ (१५.५४ × २.६२) लावली तर ४२ टक्के जास्त. मिश्र ओ-रिंगांच्या डबीतून आतला व्यास बघून रिंग उचलणं यासाठीच बंद करा. व्हर्नियरने जाडी मोजा, पण जबडे रबर दाबणार नाहीत इतके हलके ठेवा. वापरलेली रिंग मोजून नवीन मागवू नका, ती चेपलेली किंवा फुगलेली असते.

५. ताणून बसवण्याचा मोह टाळा

रिंग मानेवर किंचित ताणून बसावी, १ ते ५ टक्के. त्यापलीकडे गेलं की दोन गोष्टी होतात. ताणलं की जाडी घटते: १२ मिमीची रिंग १६ मिमीच्या मानेवर चढवली तर ताण ३३ टक्के आणि २.४ ची जाडी २.०८ वर येते. वर कायम ताणात राहिलेलं रबर लवकर चिरतं. ओढून बसवलेली रिंग दिसायला घट्ट आणि नीटनेटकी असते, म्हणूनच ती फसवते.

६. रबर कोणतं आणि किती कडक

काळी रिंग म्हणजे नायट्राइल असं समजू नका. ईपीडीएम हे दुसरं रबरही काळंच असतं आणि खनिज तेलात ते फुगून निकामी होतं. पिशवीवरची चिठ्ठी फेकून दिली की दोन्ही ओळखायचा सोपा मार्ग उरत नाही.

आयएसओ व्हीजी ४६ किंवा ६८ चं (हे तेलाच्या दाटपणाचे आकडे) नेहमीचं खनिज तेल असेल तर नायट्राइल, म्हणजे एनबीआर, पुरतं. साधारण उणे ३० ते १०० अंश सेल्सिअस ही त्याची मर्यादा. भट्टीजवळचं यंत्र किंवा तेल सतत तापत असेल तर एफकेएम, ज्याला सगळे व्हायटॉन म्हणतात. ते २०० अंशांपर्यंत चालतं, पण थंडीत नायट्राइलपेक्षा आधी कडक पडतं. आपल्याकडे त्याची काळजी नाही, लडाखला जाणाऱ्या यंत्रात आहे. विमानांतला फॉस्फेट एस्टर हा हायड्रॉलिक द्रव नायट्राइलला खातो, तिथे ईपीडीएम लागतं.

कडकपणा शोअर ए मध्ये मोजतात. उताराच्या पोर्टांच्या प्लगांसोबत बहुधा ९० ची रिंग येते, बाजारात सुटी मिळते ती बहुधा ७० ची. ७० ची रिंग मऊ असल्याने खडबडीत पृष्ठभागावर छान चिकटते, पण दाब वाढला की फटीत ढकलली जाते. कॉलर पूर्ण टेकलेली असेल तर फटच नसते आणि ७० ही टिकते. पण २५० बारला झटके खाणाऱ्या यंत्रात प्लग सूक्ष्म उचलला जातो, तिथे ९० घ्या. त्या दाबाने २० मिमी व्यासावर किती जोर येतो ते बघा: सुमारे ७८५० न्यूटन, म्हणजे ८०० किलोच्या घरात. चाचणीच्या वेळी प्लगच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, ते यासाठी.

७. पोर्टचं तोंड तपासा

उतारावर किंवा सपाट जागेवर आडवा ओरखडा, म्हणजे आतून बाहेर जाणारा, दिसला तर तो तेलाची वाट आहे. गोल फिरणाऱ्या टूलमार्कांचा तेवढा त्रास नसतो. पृष्ठभाग साधारण आरए (खडबडीतपणाची सरासरी) १.६ मायक्रॉन किंवा त्याहून गुळगुळीत हवा. पहिल्या आट्याच्या काठाला बर (कापताना राहिलेली धातूची धारदार कड) असेल तर तो रिंग कापतो. कॉलर जिथे टेकते त्या जागेवरचा रंगाचा थरही खरवडून काढा. रंगावर टेकलेली कॉलर रंग उडाला की ढिली होते, आणि रंगवल्यानंतर प्लग लावायची सवय अनेक ठिकाणी आहे.

८. बसवणे

रिंग आट्यांवरून सरकवताना कापली जाते, बसवतानाचं सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. आट्यांवर पातळ प्लॅस्टिकची टोपी ठेवा किंवा चिकटपट्टीचा एक वेढा द्या आणि रिंग चढल्यावर तो काढून टाका. रिंगेला यंत्रातलंच तेल लावा. ग्रीसचा डबा समोर आहे म्हणून लावू नका. रिंग मानेच्या वर, कॉलरला टेकेपर्यंत न्या आणि तिच्या साच्याची बारीक रेघ पाहा. रेघ पिळलेली दिसली तर रिंग पिळली आहे, सरळ करा. मग बोटांनी फिरवा आणि शेवटी टॉर्क पाना.

टॉर्कचा आकडा मी इथे देत नाही. तो आट्यांवर, प्लगच्या धातूवर, ब्लॉक स्टीलचा की ॲल्युमिनियमचा यावर आणि आटे कोरडे की तेलकट यावरही बदलतो. कॅटलॉगमधला आकडा वापरा. टॉर्क हवा तो कॉलर टेकलेली राहावी आणि कंपनाने प्लग सुटू नये म्हणून. "थोडा अजून" ओढून गळती थांबली तर समजा की जाडी, पृष्ठभाग किंवा पोर्ट यांतलं काहीतरी चुकलं आहे.

जुनी रिंग परत वापरू नका. सील काढलं की बदललं.

९. दाबाची चाचणी

दाब एकदम चढवू नका. आधी कमी दाबावर काही वेळ ठेवा, मग टप्प्याटप्प्याने. गळती बोटाने चाचपू नका, कधीच. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारं तेल कातडी भेदून आत शिरतं. बाहेरून ठिपका दिसतो, दुखतही नाही, पण आत हात सडू शकतो. असं झालं तर रुग्णालयात लगेच जा आणि "उच्च दाबाचं तेल आत गेलं आहे" हे स्पष्ट सांगा. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधा. पाझर असेल तर ती जागा कोरडी पुसून तिथे टाल्कम पावडर भुरभुरा, ओला डाग कुठून सुरू होतो ते दिसतं. तेल ब्लॉकवरून ओघळत शेजारच्या प्लगपाशी साठतं, म्हणून सगळ्यात ओला प्लग गळतोच असं नाही.

प्लग सैल करण्याआधी पंप बंद, दाब शून्य, आणि अक्युम्युलेटर (दाबाखाली तेल साठवणारं भांडं) असेल तर तो रिकामा केलेला. गेजवर शून्य दिसलं तरी व्हॉल्व्हच्या मागे दाब अडकलेला असू शकतो.

१०. गळालाच तर कारण कसं वाचायचं

आधी हे बघा की गळतं कधी. यंत्र बंद असताना किंवा सकाळी थंड असताना पाझरतं आणि दाब चढला की थांबतं, तर चेप कमी पडते आहे: रिंग पातळ, जुनी किंवा सपाट झालेली. ओ-रिंगला दाब स्वतःच भिंतीवर दाबून धरतो, म्हणून जास्त दाबाला ती सुधारते. उलट फक्त पूर्ण दाबालाच गळत असेल तर प्लग उचलला जातोय किंवा रबर फटीत जातंय. टॉर्क, कडकपणा आणि कॉलर टेकते का, हे तपासा.

मग रिंग काढून भिंगाखाली धरा. दोन बाजूंनी सपाट आणि परत गोल न होणारी असेल तर उष्णता किंवा वय. काठ कुरतडल्यासारखा असेल तर फटीत ढकलली गेली. एकच स्वच्छ चीर असेल तर बसवताना आट्याने किंवा बराने कापली. फुगून लिबलिबीत झाली असेल तर रबर तेलाशी जुळत नाही. कडक होऊन भेगा पडल्या असतील तर तापमान, किंवा दुकानात खिळ्याला टांगून उन्हात ठेवलेला माल.

सगळं बरोबर असून पाझर राहतोच, तर ओतीव ब्लॉकमध्ये सूक्ष्म पोकळी असण्याची शक्यता धरा. ती प्लगने बरी होत नाही, ब्लॉक बदलावा लागतो.

साठा ठेवताना ओ-रिंगा आतल्या व्यासाप्रमाणे लावू नका, पोर्टप्रमाणे लावा: एम १८ चा एक कप्पा, डॅश ८ चा दुसरा, अर्धा इंची बीएसपीच्या ईडी सीलचा तिसरा. प्रत्येक कप्प्यावर माप, रबर आणि शोअर लिहा आणि रिंगा त्यांच्या मूळ पिशवीत, उन्हापासून आणि चालू मोटरपासून दूर ठेवा.